चिखलातले यंत्र : सायबरपंक आणि मराठी विज्ञानकथा

'सायबरपंक' हा शब्द मराठी वाचकाला परका वाटतो. तो पूर्ण परका मात्र नाही. त्यातल्या 'सायबर'चे मूळ ग्रीक आहे. जहाजाचे सुकाणू धरणाऱ्या नावाड्यासाठी असलेल्या शब्दावरून नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली 'सायबरनेटिक्स' हे एका नव्या शास्त्राचे नाव घडवले. यंत्र असो वा प्राणी, त्याचे नियंत्रण कसे चालते याचा अभ्यास करणारे ते शास्त्र. 'पंक' हा इंग्रजीतला हिणवण्याचा शब्द: उनाड, वाया गेलेला पोरगा. सत्तरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या बंडखोर संगीताने तोच शब्द अभिमानाने मिरवला. ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकाने हे दोन शब्द जोडून आपल्या कथेला शीर्षक दिले. कथा १९८० साली लिहिलेली होती, 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात ती १९८३ साली छापून आली. पुढे संपादक गार्डनर डोझवा यांनी हेच नाव त्या काळात वेगळे काही लिहू पाहणाऱ्या लेखकांच्या एका गटाला लावले आणि ते चिकटले.

आपल्याकडे 'पंक' म्हणजे चिखल. 'पंकज' शब्दात तो रोज आपल्या तोंडी असतो. इंग्रजी 'पंक'शी त्याचे काही नाते नाही, हा निव्वळ योगायोग आहे. तरीही या साहित्यप्रकाराची ओळख पटवून घ्यायला मला हा योगायोग उपयोगी पडला. सुकाणू आणि चिखल. वर कोणाच्या तरी हातात असलेले नियंत्रण आणि खाली पाय रुतून उभी असलेली माणसे. दोन्ही एकाच चौकटीत असतील, तरच ते सायबरपंक. नुसते सुकाणू असेल तर ती विज्ञानकथा, नुसता चिखल असेल तर ते वास्तववादी साहित्य. मराठीत ही दोन्ही अंगे समर्थ असूनही ती एकत्र का आली नाहीत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मी इंग्रजी साहित्याचा पदवीधर नाही. करवीर नगर वाचन मंदिरातून नारळीकर आणि धारप घरी नेऊन वाचणाऱ्या पिढीतला मी. विल्यम गिब्सन पुढे कधीतरी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. त्यामुळे पुढचे विवेचन हे एका मराठी वाचकाचे आहे, असे समजूनच वाचावे.

पाऊस आणि निऑनचे दिवे

सायबरपंक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र येते. रात्र, संततधार पाऊस, ओल्या रस्त्यावर पडलेला निऑन पाट्यांचा रंगीत उजेड, आकाशाला भिडलेल्या इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी. हे चित्र रूढ केले रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर' या १९८२ च्या चित्रपटाने. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट २०१९ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. त्याच सुमारास गिब्सन आपली पहिली कादंबरी 'न्यूरोमॅन्सर' लिहीत होते. चित्रपट पाहायला ते गेले आणि अर्धवट सोडून बाहेर आले. आपण कागदावर जे शहर उभे करत होतो, ते पडद्यावर आधीच उभे आहे, हे पाहून त्यांना धक्का बसला. कादंबरी १९८४ साली आली. ती लिहिली साध्या, विजेविना चालणाऱ्या टंकलेखन यंत्रावर. संगणकाच्या आतल्या जगाला त्यांनी आधीच एका कथेत 'सायबरस्पेस' हे नाव दिले होते. पुढे ते जगभर रूढ झाले. पण त्या वेळी त्यांना संगणकाची तांत्रिक माहिती जवळपास नव्हती.

म्हणजे संगणकाचे ज्ञान ही काही या प्रकाराची अट दिसत नाही. मग तो पाऊस, ते दिवे, ती गर्दी ही त्याची खूण मानायची का? इथे कोल्हापूरच्या वाचकाला अडखळायला होते. लोंबकळणाऱ्या तारांचे जंजाळ, दोन-तीन लिपींतल्या पाट्या, पावसात चालू असलेल्या खाण्याच्या गाड्या आणि त्यांतून वाट काढणारी माणसे हे अमेरिकन प्रेक्षकाला भयावह भविष्य वाटले. आषाढातल्या संध्याकाळी महाद्वार रोडवर उभे राहिलेल्याला तो नेहमीचा दिवस आहे. ऐंशीच्या दशकात जपानच्या उद्योगांनी अमेरिकेला घाम फोडला होता. आपली शहरे उद्या आशियातल्या शहरांसारखी होतील, ही त्या काळची धास्ती या चित्रांत उतरली आहे. तेव्हा निऑन आणि पाऊस हा त्या धास्तीचा पोशाख आहे. पोशाखावरून जात ठरवण्याची चूक निदान साहित्यात तरी करू नये. आज बाजारात येणारे कितीतरी चित्रपट आणि खेळ हा पोशाख घालतात, आणि आत एखादी सरधोपट सूडकथा असते.

तीन कसोट्या

पोशाख बाजूला ठेवून मूळ कृतींकडे पाहिले, तर मला तीन गोष्टी सातत्याने दिसतात.

पहिली: कथा तंत्रज्ञान घडवणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली नसते. प्रयोगशाळेतून यंत्र बाहेर पडून बरीच वर्षे लोटलेली असतात. ते रस्त्यावर आलेले असते, सेकंडहॅन्ड झालेले असते, कोणीतरी खोलून पुन्हा जोडलेले असते. घडवणाऱ्याच्या मनातही नव्हते असे त्याचे उपयोग रस्त्यावरचा माणूस शोधून काढतो. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात. गिब्सनचा नायक केस हा शास्त्रज्ञ नाही. तो माहिती चोरणारा भाडोत्री चोर आहे. मालकाचाच माल चोरला म्हणून मालकांनी त्याची मज्जासंस्था जायबंदी करून टाकली आहे आणि तो जपानमधल्या एका बकाल वस्तीत दिवस काढतो आहे.

दुसरी: सत्तेला चेहरा नसतो. केसला कामाला लावणारा एक माणूस आहे, त्या माणसाच्या मागे आणखी कोणी आहे, आणि सगळ्यांच्या मागे एका श्रीमंत घराण्याच्या मालकीची कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. ज्याच्यावर राग काढावा असा राजा किंवा हुकूमशहा इथे सापडत नाही. ऑर्वेलच्या '१९८४' या १९४९ च्या कादंबरीपासून सायबरपंक इथे वेगळे होते. ऑर्वेलच्या जगात भिंतीला भेग नाही. सायबरपंकमध्ये भिंत भेगांनी भरलेली असते आणि माणसे त्या भेगांतच संसार मांडतात. व्यवस्था उलथवण्याइतके बळ त्यांच्यात नसते, पण तिला फसवून आजचा दिवस काढण्याइतके असते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: माणसाचे शरीर आणि त्याची ओळख हीच यंत्रणेतली एक नोंद होते. 'ब्लेड रनर'मध्ये समोरचा माणूस आहे की कंपनीने बनवलेली प्रतिकृती, हे डोळ्यावर यंत्र रोखून, प्रश्न विचारून ठरवतात. मामोरू ओशी यांच्या 'घोस्ट इन द शेल' या १९९५ च्या जपानी चित्रपटातली नायिका पोलिसी खात्यात आहे. तिचे शरीर कृत्रिम आहे. नोकरी सोडायची तर हे शरीर परत करावे लागेल, याची तिला जाणीव आहे. राजीनामा द्यायचा तर टेबलावर अंगच काढून ठेवायचे! नोकरदार माणसाच्या परावलंबनाचे इतके नेमके रूपक मी दुसरीकडे वाचलेले नाही.

खेळांचे उदाहरण याच कसोटीवर तपासता येते. माइक पाँडस्मिथ यांनी १९८८ साली कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा 'सायबरपंक' नावाचा खेळ काढला. त्यावरून पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने केलेला 'सायबरपंक २०७७' हा संगणकीय खेळ १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्याच्या नायकाच्या डोक्यात एक चिप बसते आणि त्या चिपमधला दुसराच माणूस हळूहळू त्याची जागा घेऊ लागतो. कल्पना अस्सल सायबरपंक आहे. गंमत अशी, की खेळ अपुऱ्या अवस्थेत विकला गेला. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळत होता की सोनी कंपनीने काही दिवसांतच तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत केले. कंपन्यांच्या निर्दय घाईवरचा हा खेळ स्वतःच कंपनीच्या घाईचा बळी ठरला. पुढच्या काही वर्षांत तो दुरुस्त होऊन नावारूपाला आला, हेही सांगायला हवे.

दोन कपाटे

आता आपल्या घरात पाहू. मराठी विज्ञानकथेला नवी प्रतिष्ठा मिळाली ती १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतल्या 'कृष्णविवर' या कथेने. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले ते टोपणनाव होते. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, म्हणून आम्हा कोल्हापूरकरांना या घटनेचा जरा जास्तच अभिमान. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही कथा घराघरांत नेली. दिवाळी अंकांनी तिला हक्काची पाने दिली.

या कथेचा हेतू उघड होता: वैज्ञानिक दृष्टी रुजवणे. म्हणून तिचा नायक बहुधा शास्त्रज्ञ, डॉक्टर किंवा संशोधक विद्यार्थी असतो. तिचे स्थळ संस्था, वेधशाळा, रुग्णालय किंवा मंत्रालयातली बैठक. नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी घ्या. पुरातन संस्कृतीने मागे ठेवलेल्या पेटीतल्या माहितीवरून एक विचार करणारे यंत्र तयार होते आणि ते स्वतःसारखी यंत्रे निर्माण करू पाहते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा आज जगभर चर्चेत असलेला प्रश्न या कादंबरीने ऐंशीच्या दशकात मराठीत आणला, हे तिचे मोठेपण. पण धोका ओळखणारे शास्त्रज्ञ, तो टाळणारेही जाणकारच. वामनच्या कारखान्याबाहेर चहाची गाडी लावणाऱ्याला त्याच्याबद्दल काय वाटले, हे कळायला मार्ग नाही. माझ्या वाचनातल्या बहुसंख्य मराठी विज्ञानकथांबद्दल हेच म्हणता येईल.

त्याच वर्षांत मराठीच्या दुसऱ्या कपाटात काय घडत होते ते पाहा. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ ची. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ चा. म्हणजे 'गोलपिठा' आणि 'कृष्णविवर' यांच्यात अवघे दोन वर्षांचे अंतर आहे. एकीकडे महानगराचा तळ, तिथली शिवराळ, जिवंत, नव्या शब्दांनी खदखदणारी भाषा. दुसरीकडे अवकाश, काळ आणि यंत्रे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवलेली मी कोणत्याही ग्रंथालयात पाहिलेली नाहीत. ती एकाच टेबलावर बसून वाचणाऱ्याची मराठीला गरज होती.

इंग्रजीत नेमके हेच घडले. रेमंड चँडलर यांच्या रहस्यकथांमधला रस्ता आणि विज्ञानकथेतले यंत्र गिब्सन यांनी एका वाक्यात आणले. त्यांचे मित्र ब्रूस स्टर्लिंग यांनी १९८६ साली 'मिररशेड्स' हा संग्रह संपादित करून या लेखनाला एका चळवळीचे रूप दिले. मराठीत असे करू शकले असते असे एक नाव माझ्यासमोर येते: अरुण साधू. 'मुंबई दिनांक' लिहिणारा आणि 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिणारा लेखक एकच. पण त्यांनीही शहर एका पुस्तकात आणि विज्ञान दुसऱ्या पुस्तकात ठेवले. दोष त्यांचा नाही. आपल्याकडे विज्ञान हे शिकलेल्यांचे आणि चिखल हा न शिकलेल्यांचा, अशी वाटणी मनातच पक्की होती.

बागूलांच्या त्या शीर्षककथेकडे मला पुन्हा जावेसे वाटते. नव्या गावी खोली मिळावी म्हणून एक रेल्वे कामगार आपली जात लपवतो, आणि उघडकीला आल्यावर मार खातो. कथेत एकही यंत्र नाही. पण तिसरी कसोटी, म्हणजे ओळख ही इतरांच्या ताब्यातली नोंद असणे आणि ती चुकवून जगण्याची धडपड करणे, या कथेइतकी थेट मला 'ब्लेड रनर'मध्येही भेटली नाही. जन्मापासून माणसाला चिकटणारी, त्याला न विचारता केलेली आणि सहजी न पुसता येणारी नोंद आपल्या समाजाला संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. म्हणून सायबरपंकचा गाभा मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्याला फक्त यंत्राची बाजू जोडून दाखवावी लागते.

टेंभलीचा अंगठा, कोल्हापूरचे एटीएम

ही बाजू वास्तवाने केव्हाच जोडली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक एका महिलेला दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या वेळी उपस्थित होते. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची छबी आणि बारा आकडे. जगातल्या सर्वांत मोठ्या शारीरिक ओळखीच्या नोंदवहीचे पहिले पान महाराष्ट्रातल्या एका दुर्गम गावात लिहिले गेले. एखाद्या अमेरिकन लेखकाने कादंबरीची सुरुवात अशी केली असती, तर ती आपल्याला ओढूनताणून आणलेली वाटली असती.

या घटनेने मराठीतल्या एका शब्दाचा अर्थ उलटा केला. 'अंगठाछाप' म्हणजे निरक्षर, ही आपली जुनी शिवी. साक्षरता वर्गांनी लोकांना सही शिकवली ती अंगठ्याची लाज जावी म्हणून. आता रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनपुढे, बँकेत, सिमकार्ड घेताना पदवीधरही अंगठा टेकवतो. सगळे अंगठाछाप झाले. फरक इतकाच, की खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा अंगठा उमटतो. ऊस तोडणाऱ्याच्या, विटा उचलणाऱ्याच्या आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखायला नकार देते. ज्याने अंग झिजवले, त्याचेच अंग पुरावा म्हणून नापास होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ साली आधारला कल्याणकारी योजनांसाठी मान्यता देताना खासगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. कायद्याची बाजू अशी नोंदली गेली. झिजलेल्या बोटाची बाजू नोंदवणे हे साहित्याचे काम होते.

दुसरी घटना आपल्या शहराच्या दारातली. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत पोहोचू न देता मधल्या मध्ये होकार देणारी बनावट यंत्रणा हल्लेखोरांनी उभी केली. त्यानंतर ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातल्या एटीएममधून सुमारे अडीच कोटी निघाले, आणि त्यांत कोल्हापुरातली एटीएमही होती. १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडलेला आहे. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. हे लोक पैसे काढण्याच्या टोकाला होते. यंत्रणेत शिरणारा हात त्यांच्यात नव्हता.

हे 'न्यूरोमॅन्सर'च्या आराखड्याशी ताडून पाहा. प्रत्यक्ष यंत्रापुढे उभा असलेला माणूस, त्याला उभे करणारा मध्यस्थ, त्याच्यामागे दुसरा मध्यस्थ आणि पलीकडच्या टोकाला न दिसणारी सत्ता. गुन्ह्याचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. पण शनिवारी दुपारी कोल्हापुरातल्या एखाद्या एटीएमच्या काचेच्या खोलीत, खिशात नाव नसलेली कार्डे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कल्पनेने पाहिले, की प्रश्न सुचू लागतात. हा पैसा कोणाचा, हे त्याला ठाऊक होते का? आपण कोणासाठी उभे आहोत, हे त्याने विचारले होते का? कादंबरीकाराचे काम या प्रश्नांपाशी सुरू होते. बातमी आकड्यापाशी संपते.

एक आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप येईल. मोबाइल हातात असलेल्या प्रत्येक गरिबाची गोष्ट सायबरपंक म्हणायची का? तसे केले तर शब्दाला धार उरणार नाही. माझे उत्तर असे, की तिन्ही कसोट्या एकत्र लागल्या पाहिजेत. रेशनच्या रांगेतून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या बाईची गोष्ट करुण आहे, सायबरपंक नाही. त्याच गावातला एखादा मोबाइल दुरुस्ती करणारा पोरगा त्या यंत्राची भेग हेरतो, तिचा उपयोग त्या बाईसाठी करायचा की स्वतःच्या खिशासाठी या पेचात सापडतो, आणि त्या भेगेवर आधीच दुसऱ्या कोणाची तरी मालकी असल्याचे त्याला कळते, तेव्हा ती सायबरपंक होते. दया पुरेशी नाही. तळातल्या माणसाला अक्कल, कौशल्य आणि नीतीचा पेच देणे हे या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे. दलित आत्मकथनांनी आणि ग्रामीण कादंबरीने हा आदर मराठीत कमावून ठेवलेला आहे. तो यंत्राच्या संदर्भात वापरायचा बाकी आहे.

ही नुसती वर्गीकरणाची हौस नाही. कोल्हापुरातली, इचलकरंजीतली विशी-पंचविशीतली मुले सायबरपंक ओळखतात, पण ते खेळांमधून, इंग्रजीतून, निऑनच्या पोशाखात. आणि ढसाळ-बागूल वाचलेली माझ्या वयाची माणसे या खेळांकडे पोरखेळ म्हणून पाहतात. मुलांना वाटते हे भविष्य अमेरिकेत किंवा जपानमध्ये घडणार आहे. मोठ्यांना वाटते यंत्र हा साहित्याचा विषयच नव्हे. मधल्या जागेत आपले रोजचे जगणे कोणी न लिहिता निघून चालले आहे. ज्या अनुभवाला भाषेत गोष्ट नसते, त्याबद्दल तक्रारसुद्धा नीट करता येत नाही. मशीन म्हणते तू नाहीस, आणि माणसाकडे उत्तराला शब्द नसतो.

मराठी विज्ञानकथेने पन्नास वर्षे आपल्याला आकाशाकडे पाहायला शिकवले. ते ऋण मोठे आहे. आता तिने रेशन दुकानाच्या ओट्यावर, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत, एटीएमच्या काचेच्या खोलीत काही काळ बसावे. तिथली भाषा तिला ढसाळांच्या कपाटात तयार मिळेल, आणि यंत्राची जाण तिच्या स्वतःच्या कपाटात आहेच. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या एकाच हातात असलेला लेखक कदाचित आज कुठल्याशा तालुक्याच्या गावी महा-ई-सेवा केंद्र चालवत असेल. त्याची पहिली कथा एखाद्या दिवाळी अंकाकडे आली, तर ती विज्ञानकथा म्हणून घ्यावी की ग्रामीण म्हणून, या घोळात संपादकांनी ती परत पाठवू नये.